केवळ स्वलिखित

४ ऑगस्ट, सोमवार

ही वही कंपनीची आहे. छपाईत रकाने तिरके आले म्हणून स्टोअरने तपासणीची काही रजिस्टरे बाद केली होती. त्यातले एक विचारून घेतले. तिरक्या रकान्यांचा मला त्रास होतो, पण कागद चांगला आहे. नियम असा केला आहे की आधी कच्च्या कागदावर लिहायचे, शब्द तपासायचे आणि मगच इथे उतरवायचे. इथे खाडाखोड नको.

लिहायला घेण्याचे कारण बाळू आहे.

बाळू आणि मी दिघीत एका खोलीत राहतो आणि चाकणच्या एकाच कंपनीत जातो. तो परभणीकडचा. तो फोर्कलिफ्ट चालवतो, मी तपासणीच्या टेबलावर आहे. 'फळा' नावाच्या ॲपवर दोघांचेही एकेक पान आहे. फळ्यावर मराठीत लिहायचे, लोकांनी वाचायचे, आवडले तर बदामाची खूण दाबायची, एवढेच ते ॲप. माझ्या पानाचे नाव 'केवळ स्वलिखित'. त्याच्या पानाचे नाव 'आवडलं म्हणून'.

मी 'यंत्र आणि मनुष्य' हा लेख नऊ दिवस लिहीत होतो. बारावीत माझे दोन विषय राहिले, पण मराठी त्यातला नव्हता. लेख चार वेळा उतरवला. शब्दकोश पाहिला. शनिवारी टाकला. आजपर्यंत चौदा बदाम.

बाळूने काल बसमध्ये उभ्या उभ्या कोणा बाईंनी शेपूच्या भाजीवर लिहिलेले आपल्या पानावर टाकले. वर त्याची नेहमीची ओळ: 'हे माझं नाही. सुखदा ओक यांचं आहे. आवडलं म्हणून.' दोन हजार एकशे सहा बदाम.

शेपूची भाजी.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज सुट्टी. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते, नातेवाईक मात्र रविवारीच बोलावतात, त्यामुळे आपण त्यांना कधीच भेटत नाही.

बाळू संध्याकाळी आईला फोन करतो. रोज. तिला वाचता येत नाही म्हणून फळ्यावरचे एक काहीतरी वाचून दाखवतो. मी त्या वेळी माझे लिहीत असतो. त्याचा आवाज मोठा आहे. आज कोणा ट्रक ड्रायव्हरने आंबोली घाटातल्या धुक्यावर लिहिलेले वाचत होता. मध्येच थांबून आईला म्हणाला, "हां, धुकं म्हणजे धुईच गं. ऐक पुढं."

मी कानात कापूस घातला. तरीही शेवटपर्यंत ऐकू आले. बरे लिहिले होते, पण 'तात्पुरते'चा उकार चुकलेला असणार, अशा लोकांचा चुकतोच.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज बाळूशी कामावर वाद.

आमच्याकडे पत्र्याचे ब्रॅकेट बनतात. प्रत्येक ट्रेला टॅग लागतो. पत्रा कोणत्या गुंडाळीचा, प्रेस कोणता, पाळी कोणती, ऑपरेटर कोण, सगळे त्यावर. टॅग नसेल तर माल कितीही चांगला असो, तो लाल पेटीत जातो. बाळूने आणलेल्या ट्रेचा टॅग वाटेत कुठेतरी पडला होता.

"माल तोच आहे राव," तो म्हणाला. "मी आत्ता दोन नंबरवरून उचलला. माझ्या डोळ्यांदेखत."

"तुझे डोळे टॅगवर येत नाहीत."

"मोजून बघ की. सगळे बरोबर निघतील."

"बरोबर असतील. पण आले कुठून, ते लिहिलेले नाही."

तेजल शेजारच्या टेबलावर असते. ती हसली. म्हणाली, "बाळूभाऊ, याच्या तेराव्यालासुद्धा टॅग लागेल बघा." बाळूही हसला आणि ट्रे लाल पेटीकडे घेऊन गेला. मी बरोबर होतो, तरी तेजल त्याच्याकडे बघून हसली.

चहाच्या वेळी ती मोबाइलवर त्याचेच पान वाचत होती. माझे पान कधी पाहिले का, असे विचारायचे होते. विचारले नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

फळ्याने जाहीर केले आहे की आता 'मूळ लेखन मोहीम' सुरू होणार. दुसऱ्यांचे लिखाण उचलून टाकणाऱ्यांची तक्रार पुराव्यासह करता येईल. ही सूचना मी तीनदा वाचली. छान लिहिली आहे.

बाळूला सहज विचारले, "तू स्वतःचे का लिहीत नाहीस?"

तो भाकरीचे पीठ मळत होता. "मला कुठं येतंय?"

"मग दुसऱ्याचे टाकून काय मिळते?"

"काय मिळायचंय. एखादं चांगलं वाचलं की आपल्याला चुळबुळ होते. कुणाला तरी दाखवावं वाटतं." मग म्हणाला, "तुझेबी टाकलेत की मी. तीन."

मला हे ठाऊक नव्हते. नंतर जाऊन पाहिले. खरोखर तीन लेख आहेत, वर माझे नाव आहे. 'यंत्र आणि मनुष्य' त्याच्या पानावर अकरा जणांना आवडला आहे. म्हणजे माझे चौदा आणि हे अकरा. पण माझ्या चौदांतली नावे तपासली तर त्यातले बारा त्याच्याच पानावरून आलेले वाचक निघाले. तेरावा बाळू. चौदावा मी.

हा हिशेब करायला नको होता.

९ सप्टेंबर, मंगळवार

लेख सापडला. असा लेख वर्षातून एखादाच सापडतो.

चार नंबरच्या प्रेसवर कोंडीरामदादा शेवकरी आहेत. चाकणच्या जुन्या घरातले. आमची कंपनी उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची होती. गेल्या वर्षी खंडेनवमीला सगळ्यांनी मशीनला हार घातले, हळदकुंकू लावले. दादांनी तेवढे करून शिवाय प्रेसच्या पायाशी तांब्याभर पाणी ओतले. सुपरवायझर ओली फरशी बघून चिडला, म्हणून मी फडके आणून पुसले. दुपारी जेवताना दादांनी सांगितले की त्या पायाखाली त्यांच्या वडिलांची विहीर आहे. बुजवायच्या आदल्या दिवशी वडिलांनी शेवटची घागर काढून घरी नेली. घरातल्या कोणी ते पाणी प्यायले नाही. माठात ठेवले. उन्हाळ्यात ते आपोआप आटले.

हे कोणीही लिहिलेले नाही. मी शोध घेतला.

आज चहाच्या वेळेत पहिली चार वाक्ये सुचली.

११ सप्टेंबर, गुरुवार

सुट्टीचा सगळा दिवस लेखावर गेला. नाव 'विहिरीवरचा प्रेस'.

एक अडचण होती. 'आमच्या कंपनीतल्या एका दादांचे वडील' असे लिहिले की वाक्य लांबते आणि भावना दूर जाते. सहाव्यांदा उतरवताना मी 'माझे वडील' असे करून पाहिले. लगेच सगळे जागेवर बसले. जसा नीट डायमधून निघालेला ब्रॅकेट टेबलावर हलत नाही, तसे.

माझे वडील पुनावळ्याच्या एका सोसायटीत वॉचमन आहेत. त्यांची विहीर नव्हती, त्यांना आयुष्यभर नळाची रांग होती. पण लेखकाला एवढे स्वातंत्र्य असते. शब्द माझे आहेत. एकही ओळ कोठून उचललेली नाही.

दुपारी चार वाजता टाकला. एक वाक्य माझे मलाच फार आवडले: 'विहीर दोनदा संपली, एकदा बुजवली तेव्हा आणि एकदा माठात.'

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नऊ बदाम.

१४ सप्टेंबर, रविवार

काल बाळूने तो लेख स्वतःच्या पानावर टाकला. वरती 'हे माझं नाही. आदिनाथ गव्हाणे यांचं आहे. आवडलं म्हणून.' आज दुपारपर्यंत चार हजार सातशे.

सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या. तीनशे बारा आहेत. लोक वरची ओळ वाचत नाहीत. 'काय लिहिता हो बाळूभाऊ', 'बाळू, डोळ्यांत पाणी आणलंत', 'तुमच्या वडिलांना नमस्कार'. बाळूने काहींना उत्तर दिले आहे की मी नाही, आदिनाथ. पण तीनशे बारा जणांना दिलेले नाही. मी मोजले, एकोणतीस जणांना दिले आहे.

आणि एका प्रतिक्रियेला मुद्दाम दिलेले नाही. चारुलता देव नावाच्या बाई चिंचवडहून एक दिवाळी अंक काढतात. त्यांनी लिहिले आहे: 'हे अंकात घ्यायला आवडेल. लेखकाशी संपर्क होईल का?' काल सकाळी सव्वानऊला विचारले आहे. त्याखाली बाळूचे उत्तर नाही. त्याच्या वरच्याला आहे. खालच्याला आहे.

दिवाळी अंक. छापील. वडिलांच्या सोसायटीच्या ऑफिसात असे अंक ठेवलेले असतात.

खोलीत बाळू कांदा चिरत होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

"काय झालं बे?" तो म्हणाला. "खूश नाहीस का? चार हजार लोकांनी वाचलं राव तुझं."

"तुझ्या पानावर."

"मग काय झालं?"

मी म्हणालो, काही नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

तक्रार केली.

काम नीट केले. नुसता राग काढला नाही. गेल्या सहा महिन्यांतल्या त्याच्या एक्केचाळीस पोस्ट घेतल्या. तक्ता आखला: अनुक्रमांक, दिनांक, निरीक्षण, मूळ लेखक, निर्णय. प्रत्येक पोस्टचा फोटो जोडला आणि त्यावर लाल वर्तुळ केले. 'निर्णय' या रकान्यात एक्केचाळीस वेळा 'नापास' लिहिले. त्याने वर नावे दिली आहेत, हेही प्रामाणिकपणे 'शेरा' म्हणून खाली नोंदवले. तक्रारदाराचे नाव गुप्त राहते.

अपराधी वाटत नाही. टॅग असला तरी माल दुसऱ्याचाच आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी बाळूचे पान बंद झाले. 'हे पान उपलब्ध नाही.'

तो बराच वेळ मोबाइल बंद-चालू करत होता. मग म्हणाला, "नेट गेलंय का आपलं?" मी म्हणालो, माझे चालू आहे. संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा त्याने काही वाचले नाही. तिने विचारले असावे, कारण तो म्हणाला, "काही नाही गं, जे जमवलं होतं ते सापडंना झालंय."

खोलीत शांतता होती. मी एक ओळही लिहू शकलो नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तेजल चिडली आहे. "कोण रिकामटेकडा असेल हा? दुसऱ्याचं चांगलं वाचून दाखवणाऱ्याची तक्रार करतो?"

मी म्हणालो की मूळ लेखकांच्या हक्काचाही विचार करायला हवा.

ती म्हणाली, "मूळ लेखकांना मी बाळूभाऊंमुळे ओळखते. तुझं ते विहिरीचंसुद्धा तिथेच वाचलं." मग म्हणाली, "छान होतं. सांगायचं राहिलं."

महिनाभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य आले आणि मी मायक्रोमीटर पुसत बसलो.

२० सप्टेंबर, शनिवार

चारुलता देव यांचा फोन. जेवणाच्या सुट्टीत. मी कॅन्टीनच्या मागे जाऊन बोललो.

"आदिनाथ गव्हाणे का? मला तुमचा नंबर बाळू जाधवांनी दिला. त्याच दिवशी लगेच मेसेज केला होता त्यांनी, मीच आजारी पडले म्हणून उशीर झाला. तुमच्याबद्दल इतकं भरभरून लिहिलंय. तुमचे आधीचे तीन लेखही पाठवलेत."

मी फक्त हो म्हणालो.

"आमचा अंक दर वर्षी उशिरा निघतो, यंदाही तसंच. दसऱ्यानंतर छपाईला जाईल. एक पान तुमच्यासाठी मोकळं ठेवते. दोन गोष्टी लागतील. मजकूर स्वतःचा आहे, असं सही केलेलं पत्र. आणि वडिलांचा एखादा फोटो. असतील ना ते?"

"आहेत," मी म्हणालो.

त्याने त्याच दिवशी नंबर दिला होता. मला सांगितले का नाही? संध्याकाळी विचारले. म्हणाला, "त्यांचा फोन आला की तुला एकदम कळावं म्हणून. तोंड बघायचं होतं तुझं."

२२ सप्टेंबर, सोमवार

फळ्याने बाळूला तक्रारीची प्रत पाठवली आहे. नाव झाकून. बाकी सगळे जसेच्या तसे. असे करतात हे सूचनेत लिहिलेले नव्हते. मी तीनदा वाचली होती.

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. तक्ता. रकाने. एक्केचाळीस लाल वर्तुळे, सगळी सारख्या आकाराची.

"कुणीतरी लई मन लावून केलंय बघ," तो म्हणाला. "सहा महिने वाचलंय राव त्यानं मला. एकबी सोडलं नाही. खाली शेराबी दिलाय."

मी म्हणालो, "हं."

"उत्तर मागितलंय त्यांनी. आठ दिवसांत. मी लिहितो, तू तपासून दे. तुझं शुद्धलेखन चांगलं आहे."

त्याला कळलेले नाही असे मला वाटते. कळले असते तर तो असा शांत कसा राहिला असता?

२४ सप्टेंबर, बुधवार

बाळूने उत्तर लिहून दिले. आयुष्यात त्याने स्वतःचे असे पहिल्यांदाच लिहिले असेल. चुका सुधारून इथे उतरवतो:

'मी लेखक नाही. मला लिहिता येत नाही. मी वाचतो. आमच्या आईला वाचता येत नाही, तिला रोज एक वाचून दाखवतो. ती ज्याला दुसऱ्यांदा वाच म्हणाली, ते मी पानावर टाकायचो. म्हणजे निवड माझीही नाही, तिची आहे. प्रत्येकाचं नाव वर लिहिलं आहे, कारण नाव नसलं तर आई विचारते, कुणाचं आहे हे. तक्रार करणाऱ्याला माझा राग आला असेल. तो मला ओळखत असेल तर त्यानं चहा प्यायला यावं आणि तोंडावर बोलावं. मी काही म्हणणार नाही.'

अकरा चुका निघाल्या. वेलांट्या पाच, उकार चार, अनुस्वार दोन. त्या काढल्या. वाक्य एकही काढता आले नाही.

मी 'यंत्र आणि मनुष्य' नऊ दिवस लिहिला होता. हे त्याने भात शिजेपर्यंत लिहिले. मला फार राग आला, आणि तो कोणावर आहे ते ठरवता आले नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

फळ्याचे उत्तर आले: एकदा बंद केलेले पान पुन्हा उघडता येत नाही, नवीन सुरू करावे. सहा वर्षे जमवलेले गेले.

चारुलताबाईंचा फोन: पत्र आणि फोटो चार तारखेपर्यंत हवा. पत्र लिहून झाले आहे. 'सदर मजकूर सर्वस्वी माझा असून अन्य कोठूनही घेतलेला नाही.' फक्त सही राहिली आहे. वडिलांचा फोटो गणवेशातला आहे, पण मानेखालचा भाग कापला तर शेतकरी वाटतात.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. आज उतरवण्याआधी कच्चे लिहिलेले नाही. सरळ इथेच लिहितो.

मशीनला हार घातले, नारळ फोडले, पेढे वाटले. कोंडीरामदादांनी चार नंबरच्या पायाशी तांब्याभर पाणी ओतले. मी गेल्या वर्षीसारखे फडके घेऊन गेलो. खाली बसलो तेव्हा दादाही शेजारी बसले.

"आदिनाथ, नातीनं वाचून दाखवलं," ते म्हणाले. "आरोही. बारावीला हाय. मोबाइलवर आलं म्हनली कुठनंतरी."

मी पुसत राहिलो.

"म्हनली, आजोबा, कुना मानसाच्या बाची विहीर आपल्यावानीच हुती बगा. माठाचं बी तसंच हाय. मी म्हनलो, आसंल बाई. लई गावच्या जिमिनी गेल्यात." त्यांनी तांब्या पालथा घातला. "आता पोर रोज इचारती, आजोबा, त्या मानसाला हुडकून भेटूया का. तुमी दोघं बोलत बसा. काय सांगू तिला?"

मी म्हणालो, "दादा, लिहिताना ते वाक्य लांबत होते."

हे मी खरोखर म्हणालो.

दादा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "व्हय, लांबत आसंल. पर माझा बा तुझा केलास रं. त्यो गेला तवा तू जल्मला बी न्हवतास." मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. "लिवलंस चांगलं. 'विहीर दोनदा संपली' हे मातर मी म्हनलो न्हवतो. ते तुझं हाय. ऱ्हाऊ दे तुज्याकडं."

मी फरशी कोरडी होऊनही पुसत होतो. तेजल आली आणि म्हणाली, "अरे, झाली की आता." मग तिने माझ्याकडे पाहिले. पेढा टेबलावर ठेवून गेली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

बाळूने आपट्याची पाने आणली होती. मला द्यायला हात पुढे केला. मी म्हणालो, थांब. आधी ऐक. तक्रार मी केली.

"माहितीय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"रकाने बघितल्यापासून. 'निरीक्षण' आणि 'शेरा' लिहून तक्रार करणारा चाकणात दुसरा कोण आहे?"

"मग बोलला का नाहीस?"

"चहाला बोलावलं होतं की. उत्तरात लिहिलं होतं. तूच तपासलंस." त्याने पाने माझ्या हातात दिली. "चार वेलांट्या सुधारल्यास आणि चहाला आला नाहीस."

पाच होत्या. मी सांगितले नाही.

मग विहिरीचेही सांगितले. तेव्हा मात्र तो चिडला. माझ्या तक्रारीवर चिडला नव्हता तेवढा. "मी चार हजार लोकांना वर लिहून दिलं ना बे, हे आदिनाथचं आहे म्हणून? माझ्या ओळीला खोटं पाडलंस तू." तासाभराने चहा केला, दोन कप.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चारुलताबाईंना फोन केला. वाक्ये आधी कागदावर लिहून घेतली होती. मजकूर कोंडीराम शेवकरी यांचा आहे, वडील त्यांचे आहेत, मी फक्त लिहिले, आपण पान दुसऱ्याला द्यावे.

त्या म्हणाल्या, "हे छापून आल्यावर कळलं असतं तर मी तुम्हाला माफ केलं नसतं." आणि थोड्या वेळाने, "दादा तयार असतील तर पान तसंच ठेवते. 'माझे वडील' काढा आणि पुन्हा लिहून द्या. उद्या संध्याकाळपर्यंत."

दादांना विचारले. ते म्हणाले, "आरोहीला इचारतो." पाच मिनिटांनी, "हो म्हनली. फोटू पन काढा म्हनली."

वाक्ये लांबली. लांबू दिली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

अंक आला. पान एकसष्ट. दादांचा अर्ध्या पानाचा फोटो आहे, हातात तांब्या. वर 'कोंडीराम शेवकरी' आणि अगदी खाली 'शब्दांकन : आदिनाथ गव्हाणे'.

चहाच्या वेळी कोणी नाही असे पाहून व्हर्नियर लावला. दादांचे नाव सहा पूर्णांक चार मिलिमीटर उंच आहे. माझे दोन पूर्णांक एक.

तेजल मागे उभी होती. "पास का नापास?"

"टॉलरन्समध्ये आहे," मी म्हणालो. खरे म्हणजे बोचत होते. दादांचा फोटो कंपनीच्या सूचनाफलकावर लागला आहे. दिवसभर लोक त्यांच्याशी हात मिळवत होते आणि ते प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवत होते. तेही बोचले.

दुपारी 'केवळ स्वलिखित'वर बाळूचे ते उत्तर टाकले. त्याला विचारून. वर लिहिले: 'हे माझे नाही. बाळू जाधव यांचे आहे. मी त्यांचे पान बंद पाडले होते. त्यांचे नवीन पान 'आवडलं म्हणून' याच नावाने आहे.' लोक शिव्या देत आहेत. त्यातल्या एकाही शिवीचे शुद्धलेखन मी तपासले नाही. बाळूच्या नव्या पानावर संध्याकाळपर्यंत सहाशे लोक आले.

तेजलची प्रतिक्रिया: 'आता पानाचं नाव बदल.'

१८ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी बाळूने आईला फोन लावला. मी वही घेऊन बसलो होतो. कापूस घातला नाही.

त्याने अंक उघडला आणि एकसष्टावे पान वाचायला घेतले. तो सावकाश वाचतो. जिथे मी स्वल्पविराम दिला नव्हता तिथेही तो थांबत होता, आणि तिथे थांबायलाच हवे होते. माठातले पाणी आटले तिथे आला तेव्हा त्याचा आवाज लहान झाला. 'विहीर दोनदा संपली' हे वाक्य त्याने म्हटले आणि पुढे गेला नाही. पलीकडून आई काहीतरी म्हणाली.

"कोंडीरामदादांची आहे विहीर," तो म्हणाला. "आणि लिहिलंय आपल्या आदिनाथनं. हां, तोच. खोलीतला."

मग म्हणाला, "बरं," आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.

मी ते वाक्य लिहिले तेव्हा ते इतके चांगले नव्हते. हे बाळूला सांगायचे की नाही, ते अजून ठरलेले नाही.